बोंबल्या बोका : चोवीस पानी रंगीत चित्रकथेच्या कामाच्या नोंदी

७ ते १० वर्षांच्या मुलांसाठी चार गोष्टींचं रंगीत पुस्तक. आत २४ पानं, वर कव्हर. स्थळ मालवणकडची एक वाडी, नायक तांबूस बोका. मुदत गणपतीची, म्हणजे ७ सप्टेंबर २०२४. चाकरमानी मुलाबाळांसह घरी येतात ते दिवस चुकले तर गठ्ठे पुढच्या मे महिन्यापर्यंत माळ्यावर. लेखन, चित्रं आणि मांडणी अशी तिघांत विभागणी. असंच काही करायला घेणाऱ्यांनी चुका आधी वाचाव्यात, खर्च शेवटी आहे.

१२ फेब्रुवारी २०२४

पहिला दिवस कागदाचं माप ठरवण्यात गेला. तो गेला ते बरंच झालं. छापखान्यात २० × ३० इंची ताव सहज मिळतो. त्यात ७.५ × १० इंचाचे आठ तुकडे बसतात, दोन्ही बाजू धरून १६ पानं. कापल्यावर ७.२५ × ९.५ इंच, म्हणजे १८४ × २४१ मिमी. ए-४ घेतला असता तर त्याच तावात आठऐवजी चारच तुकडे बसले असते आणि उरलेल्या कागदाचे पैसे रद्दीत गेले असते.

मधोमध पिना मारायच्या तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. २४ पानं म्हणजे प्रतीमागे दीड ताव. मूळ चित्रं दीडपट मोठी काढायची: ए-३ कार्ट्रिज कागदावर २७६ × ३६१.५ मिमीची चौकट, बाहेर ४.५ मिमी कापण्यासाठी, आत ९ मिमी मोकळी. छापताना हे ३ आणि ६ मिमी होतं. ही चौकट एकदा जाड पुठ्ठ्यावर कापून ठेवली. प्रत्येक पान पट्टीने आखत बसलो असतो तर मापात फरक पडलाच असता.

१९ फेब्रुवारी

बोक्याचा आराखडा. उंची अडीच डोकी. कपाळावर इंग्रजी एमसारखी खूण, अंगावर पट्टे. तांबूस मांजराच्या अंगावर फिके का होईना, पट्टे असतातच. सपाट नारिंगी रंगवलं तर ते खेळण्यातलं दिसतं. मिशा दोन्हीकडे तीन-तीन. खऱ्या मांजराला एका बाजूला बाराच्या आसपास असतात, पण लहान चौकटीत तेवढ्या काढल्या तर तोंड खराट्यासारखं दिसतं.

बोंबल्या बोलणार नाही. त्याचं सगळं बोलणं शेपटीत: उभी आणि टोकाला वळलेली म्हणजे खूश, सपसप हलणारी म्हणजे वैतागलेला, फुगलेली म्हणजे घाबरलेला. डोळ्यांतल्या बाहुल्या उन्हात उभ्या फटी, माळ्यावरच्या काळोखात गोल. हा तक्ता भिंतीवर लावला. डाव्या कानाला एक खाच दिली, म्हणजे गर्दीतही ओळखू येईल. ही खाच पुढे महागात पडली.

सोबतची ‘मनी’ तिरंगी आहे. पहिल्या खर्ड्यात तिरंगी मांजर बोका होता. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, म्हणून अदलाबदल केली. वाडीतल्या मुलांना हे माहीत असतं आणि अशी चूक ती लगेच पकडतात.

२ मार्च

संहिता पूर्ण. गोष्टी चार: शिंक्यातलं दही, रापणीचा (किनाऱ्यावरून दोरांनी ओढायच्या जाळ्याचा) वाटा, बंदीतलं सुकट, गणपतीचे मोदक. कागदावर खोडी विनोदी वाटली तरी चित्रात दिसते तेव्हा कधी कधी क्रूर होते. म्हणून कात्री लावली. काठी उगारलेली दिसेल, पण बसणार नाही. दगड, फटाके, शेपटीला बांधलेला डबा यांतलं काही नाही. चुलीजवळची उडी काढून टाकली. खोडीची भरपाई त्याच गोष्टीत व्हायला हवी: दही सांडलं तर पाय पांढरे होतात आणि त्याच ठशांवरून चोर सापडतो.

वस्तुस्थितीच्या तीन दुरुस्त्या. एक, बोका मोदक पळवतो असं होतं. मांजराला गोड चव कळत नाही. आता तो मोदकावरचं तूप चाटतो आणि मोदक जिथल्या तिथे ठेवतो. उलट हसू यातच जास्त आहे. दोन, जुलैच्या प्रसंगात ट्रॉलर भरून मासळी आली होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, म्हणून ती गोष्ट मुळापासून सुकटीवर आणली. तीन, आजी बोक्याला कांदा-लसणाची आमटी घालत होती. कांदा-लसूण मांजराला बाधतो. आता नुसता भात आणि उकडलेला पेडवा मासा.

९ मार्च

निवेदन प्रमाण मराठीत, संवाद मालवणीत. मालवणीचं लेखन एकसारखं नाही, त्यामुळे पहिल्याच गोष्टीत ‘खंय’ आणि ‘खय’ दोन्ही आले होते. ४० शब्दांची यादी करून एकेक रूप पक्कं केलं: खंय, थंय, माका, तुका, नाय, कित्याक. शेवटी अर्थांची सूची देणार नाही. ‘बोको खंय गेलो?’ या वाक्याशेजारी रिकामं शिंकं दाखवलं की अर्थ कळतो.

१६ ते २४ मार्च

पूर्ण वाया गेलेले नऊ दिवस.

चित्रं सुचत होती, म्हणून थेट पक्की चार पानं काढली, शाई फिरवली. मग संवाद टाकायला घेतले तर बसेनात. तीन फुग्यांखाली शेपटी गेली, म्हणजे बोक्याचं बोलणंच गेलं. एका फुग्यासाठी आजीचं अर्धं डोकं कापावं लागलं.

जागेचा अंदाज चुकला तो लिपीमुळे. देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. ओळींतलं अंतर अक्षराच्या मापाच्या दीडपट ठेवलं नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. शिवाय ‘पडवीतल्यासारखं’ हा एकच शब्द आहे आणि तो मध्ये तोडता येत नाही. गोल, उभट फुग्यात असा शब्द शिरला की वर-खाली नुसती पांढरी जागा उरते. मराठी फुगा आडवाच हवा, लंबगोलापेक्षा गोल कोपऱ्यांच्या चौकोनाकडे झुकणारा.

त्या चार पानांतली दोन चौकटी सोडून सगळी बाद.

२६ मार्च

नवा क्रम, आणि हाच शेवटपर्यंत पाळला: संवाद आधी संगणकावर खऱ्या मापात मांडायचे, चौकटी आखायच्या, ते पान दीडपट मोठं करून छापायचं, खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवायचं आणि वर ए-३ ठेवून उरलेल्या जागेत चित्र काढायचं. चित्रकाराला सुरुवातीला हे गळफासासारखं वाटतं. तिसऱ्या पानापासून वेग दुप्पट झाला, कारण बोका कुठे उभा करायचा याची निम्मी उत्तरं आधीच मिळालेली असतात.

मर्यादा ठरवल्या: अक्षर १२ पॉइंट, ओळ १८ पॉइंट, फुग्यात जास्तीत जास्त १२ शब्द, पानावर ३५. फुग्याच्या कडेपासून अक्षर किमान ३ मिमी आत.

फॉन्ट: संवादाला कलम, निवेदनाला मुक्त, ओरडण्याला बालू. तिन्ही खुल्या परवान्याचे, विकायच्या पुस्तकात फुकट चालतात. तपासायला एकच वाक्य वापरलं: ‘दुसऱ्या दर्याकडल्या पोऱ्याने शेपूट ओढल्याबरोबर बोका फिस्कारला.’ यात ‘ऱ्या’ आहे, रफार आहे, श आणि ल आहेत. मजकुराची भाषा मराठी निवडून बघावी. फॉन्टमध्ये मराठी वळणाचे श-ल असले तरच ते दिसतात, नसले तर हिंदी वळणाचे येतात. बोलीच्या पुस्तकात ते डोळ्यांना खुपतं.

संहितेचा एक भाग जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप होऊन आला होता. रूपांतर करणाऱ्या साधनाने रफार एक अक्षर पुढे सरकवले. ते दुरुस्त करण्यापेक्षा सहा पानं नव्याने टाइप करणं स्वस्त पडलं. अर्धा दिवस लागला.

११ एप्रिल

२४ पानांचे कच्चे आराखडे तयार. पानावर जास्तीत जास्त सहा चौकटी, दोन चौकटींत ५ मिमी जागा. खोडीसाठी एकच साचा वारंवार उपयोगी पडतो: तीन चौकटी, तीच जागा, तोच कोन, हलतो फक्त बोका. पहिलीत बघतो, दुसरीत काहीच घडत नाही, तिसरीत शिंकं खाली. मधली चौकट रिकामी वाटते म्हणून गाळू नये. ‘शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं’ यातलं हसू त्या थांबण्यात आहे. मागचं चित्र तिन्ही चौकटींत हुबेहूब तेच हवं, नाहीतर डोळा बोक्याऐवजी खिडकीकडे जातो.

धक्का नेहमी डाव्या, म्हणजे सम अंकाच्या पानावर. पान उलटल्यावर तेच समोर येतं. उजव्या पानावर टाकला तर मूल डावं पान वाचता वाचताच तो बघून घेतं.

६ मे

सुट्टीला आलेली आणि वाडीतली मिळून ११ मुलं, पेन्सिलीच्या पानांच्या झेरॉक्स. आम्ही मध्ये बोलायचं नाही, फक्त बोट कुठे फिरतं ते टिपायचं.

पान ५ वर सगळ्यांत मोठा घोटाळा. डावीकडे दोन चौकटी एकाखाली एक, उजवीकडे एक उंच चौकट. आमच्या मते आधी डावीकडच्या दोन्ही, मग उंच. ११ पैकी ८ जणांनी वरची डावी, मग उंच, मग खालची डावी असं वाचलं, त्यामुळे बोका आधी पडला आणि मग चढला. उंच चौकट डावीकडे घेतली, दोन चौकटी उजवीकडे. प्रश्न मिटला. बाण काढून वाट दाखवायचा विचार झाला होता. बाण लागला की पान चुकलं असं धरावं.

मुंबईच्या मुलांना शिंकं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पहिल्याच चौकटीत तुळईपासून मडक्यापर्यंत शिंकं पूर्ण दाखवलं. ‘खंय’पाशी सगळी एकदा अडली, दुसऱ्यांदा कोणी अडलं नाही.

२० मे ते १५ जून

शाई. पाण्याने न विरघळणारी काळी शाई, निब आणि बारीक कुंचला. खालची पेन्सिल फिकट निळी, म्हणजे खोडायला लागत नाही. रेषा छापताना दोन तृतीयांश होतात, म्हणून कागदावर ०.३ मिमीपेक्षा बारीक रेषा नको. मिशा पहिल्या दोन पानांवर तुटल्या त्या यामुळेच.

७ जूननंतर पाऊस लागला आणि सगळं गणित बदललं. दहा मिनिटांत वाळणारी शाई चाळीस मिनिटं ओली. हाताच्या कडेने दोन पानं फिसकटली, पोस्टर कलरच्या पांढऱ्याने निस्तरली. केस वाळवायचं यंत्र वापरून पाहिलं तर कागदाला लाटा आल्या आणि स्कॅनरवर पान सपाट बसेना. कागद हवेतला दमट ओलावा पितो तेव्हा त्यावर शाई पसरतेसुद्धा. उपाय: कोरे आणि झालेले दोन्ही कागद घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या पेटीत, आत ५०० ग्रॅम सिलिका जेल. नारिंगी दाणे घ्यावेत, ओले झाले की हिरवे होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतो, घरात मुलं असतील तर तो नको. काम करताना एकच कागद बाहेर आणि हाताखाली टिपकागद.

पुढच्या वेळी शाई मेअखेर संपवायची. कोकणात याला दुसरा पर्याय नाही.

१८ जून

स्कॅनर ए-४, पानं ए-३. दोन भागांत स्कॅन करून जोडायची. पहिली तीन पानं जोडल्यावर चौकटीची रेषा मध्ये एका केसाने सरकली. झाकण काढून पान पट्टीला टेकवून स्कॅन केलं आणि दोन भागांत ५ सेंमी सामायिक ठेवले, तेव्हा जुळलं. ६०० डीपीआय. रंगीत स्कॅन करून त्यातला फक्त निळा चॅनेल घ्यायचा. निळी पेन्सिल त्यात नाहीशी होते. आम्ही आधी लाल चॅनेल घेतला आणि पेन्सिल शाईइतकी काळी झाली.

वीज दिवसातून चार-पाच वेळा जात होती. ६०० व्हीएचा यूपीएस काम जतन करण्यापुरता टिकतो, तेवढंच हवं होतं.

२४ जून ते १४ जुलै

रंग क्रिता या चित्रं रंगवायच्या प्रणालीत. बोक्याचा रंग मजेंटा ४५, पिवळा ८५ (आकडे छपाईच्या शायांचे टक्के; शाया चार: सायन, मजेंटा, पिवळी, काळी). पट्टे मजेंटा ७५, पिवळा १००, सायन १०. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी कागदावर येत नाही, मॅपलिथोवर तर नाहीच. तो कागद शाई पितो आणि ठिपके पसरतात. आकड्यांवर भरवसा ठेवावा, पडद्यावर नको.

काळी रेषा रंगांच्या फाइलमध्ये मिसळू द्यायची नाही. मिसळली की चार शायांची होते, आणि प्लेट (प्रत्येक शाईची वेगळी असते) केसभर सरकली तरी मिशांना लाल-निळी कड येते. रेषांची फाइल वेगळी, रंगांची वेगळी, दोन्ही स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रणालीत एकावर एक, रेषा फक्त काळ्या शाईत आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापलेली. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये काळी शाई बंद करून पाहावं. पानावर एकही रेषा उरता कामा नये. स्क्रायबस १.६ वापरलं. जुन्या १.४ मध्ये देवनागरी मोडते.

रात्रीचा दर्या सायन १००, मजेंटा ९०, पिवळा ४०, काळा ६० असा रंगवला होता. बेरीज २९०. पावसाळ्यात इतकी शाई वाळणार नाही, समोरच्या पानावर उमटेल. ९०, ६५, २०, ४० केलं, बेरीज २१५. छापल्यावर दोन्हींत फारसा फरक दिसला नसता.

याच काळात खाचेचं प्रकरण उघडलं. चार चौकटींत बोका उलट दिशेला हवा होता म्हणून संगणकावर आरशासारखा फिरवला, आणि डाव्या कानाची खाच उजव्या कानाला गेली. चारही ठिकाणी हाताने दुरुस्त. एकाच बाजूला असणारी खूण द्यायची असेल तर फिरवण्यावर आधीच बंदी घालावी.

१६ जुलै

आवाज: धप्प, खळ्ळ, फिस्स, लपक लपक. हे फॉन्टमधून घेऊन आकार वाकवले. बाहेरून काळी कड दिल्याबरोबर शिरोरेषेवर प्रत्येक अक्षराच्या सांध्यात उभी चीर दिसू लागली, कारण प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि एकमेकांवर चढलेली असते. इंकस्केपमध्ये अक्षरांचे आकार करून ‘युनियन’ केलं की सगळं एकसंध होतं, कड त्यानंतर द्यायची. शिरोरेषा हाताशी आहे तर तिचा उपयोगही करून घेतला: ‘धप्प’वर बोका बसला की ती मध्ये झोळीसारखी वाकते. रोमन लिपीत ही सोय नाही.

२० जुलै

मांडणीतली सर्वांत मोठी चूक, आणि ती कोणी आधी सांगत नाही.

रापणीचं जोडचित्र पान ८-९ वर पसरलं होतं: दोर ओढणारी माणसं डावीकडे, जाळं उजवीकडे, मधून बोका पळतोय. छापखान्याने मांडणीचा कागद दाखवला तेव्हा कळलं. १६ पानांच्या एका फॉर्मात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गटात) १ ते ८ आणि १७ ते २४, आठ पानांच्या दुसऱ्यात ९ ते १६. म्हणजे पान ८ आणि ९ समोरासमोर असूनही वेगवेगळ्या वेळी छापले जातात. शाई कमीजास्त होतेच, आणि अर्धा बोका नारिंगी, अर्धा विटकरी. १६-१७ चंही तेच. अखंड जोडपान एकच, १२-१३.

सुकटीची गोष्ट ७ ते ११ वर आणली, रापणीची १२ ते १७ वर. रापणीचं पहिलं पान कापून जोडचित्रानेच सुरुवात, शेवटी एक नवं पान. सुदैवाने सम-विषम बदललं नाही, धक्के जागेवर राहिले. बंदी आधी आणि रापण नंतर, हा क्रमही आता नीट लागतो. मात्र १२-१३ च्या मधोमध पिना येतात, म्हणून बोका घडीपासून २० मिमी डावीकडे सरकवला. तीन दिवस गेले.

घडीत आतली पानं जवळपास पाऊण मिलिमीटर बाहेर सरकतात आणि कापताना तेवढी जास्त कापली जातात. १० ते १५ या पानांवर कडेचा मजकूर १ मिमी आत घेतला.

२७ जुलै

डिजिटल नमुना प्रत, ₹२१०. त्यातून दोन गोष्टी निघाल्या. कव्हरवरचा बारकोड बोक्याच्या गडद नारिंगीत दिला होता, तो वाचला जात नाही; वाचणाऱ्या यंत्राच्या लाल उजेडाला नारिंगी रेषा पांढऱ्याच दिसतात. आता काळा, पांढऱ्या पट्टीवर, ३७ × २६ मिमी. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून ऑनलाइन, विनाशुल्क. अर्ज मात्र लवकर टाकावा, क्रमांक आल्याशिवाय कव्हर पक्कं होत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पान २१ वर आजीच्या लुगड्याचा रंग दोन चौकटींत वेगळा होता.

५ ऑगस्ट

छापखान्यात (कोल्हापूर) पीडीएफ दिली. तिथे ती दुसऱ्या प्रणालीत उघडून ‘थोडं जुळवून’ घेतली आणि ‘शिंक्यातलं’चं जोडाक्षर फुटलं. प्लेट काढायच्या आधी पडदा बघितला म्हणून सापडलं. सगळा मजकूर आकारांत बदलून नवी पीडीएफ दिली, आणि उघडून बदलायची नाही असं कामाच्या कागदावर लिहून घेतलं. मजकूर आकारांत बदलण्याआधीची फाइल मात्र जपून ठेवावी, नंतर एक काना बदलायलाही तीच लागते.

१४ ऑगस्ट

छपाई. यंत्रापाशी उभं राहून पहिला ताव पास केला. पान १ चा बोका नमुना मानून बाकी सगळे त्याच्याशी ताडले. दुसऱ्या फॉर्मात मजेंटा कमी करायला लावला. शंभरेक ताव जुळवणीत जातात, म्हणून कागद १५०० ऐवजी १७५० ताव, म्हणजे साडेतीन रीम घेतला होता. तो पुरला.

२२ ऑगस्ट

बांधणी. कव्हर २५० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन. घडीची खूण आधी दाबून घ्यावी लागते, नाहीतर घडीवर रंग तडकतो. पहिल्या १४ प्रती अशाच गेल्या. पिनांची तार जस्ताचा मुलामा असलेली मागितली. खाऱ्या हवेत साधी पिन एका पावसाळ्यात गंजते आणि १२-१३ वर तांबडा डाग पडतो.

२६ ऑगस्ट

गठ्ठे फोंडा घाटातून आले, प्लास्टिक गुंडाळलेलं असल्यामुळे कोरडे. उघडून ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी कव्हरं बाहेरच्या बाजूला वळली. कार्ड ओलावा पिऊन पसरतं, वरची फिल्म पसरत नाही. प्रती उलटसुलट रचून वर पाट आणि वरवंटा, दोन दिवस. बऱ्यापैकी बसल्या. आता विक्रीपुरताच गठ्ठा उघडतो.

खर्च, १००० प्रतींचा: मॅपलिथो १०० जीएसएम, ६८ किलो, ₹६,२५६. कव्हरचं कार्ड ₹२,९००. प्लेटा १७ (आतल्या १२, कव्हर बाहेरून ४, आतून काळी १) ₹५,१००. छपाई ₹११,०००. लॅमिनेशन ₹२,४००. घडी, पिना, कापणी ₹३,५००. वाहतूक ₹१,२००. एकूण ₹३२,३५६, प्रतीला सुमारे ₹३२. याखेरीज कागद, शाई, झेरॉक्स, सिलिका जेल, नमुना प्रत मिळून ₹३,१४०. तिघांच्या कामाचे पैसे यात धरलेले नाहीत. किंमत ₹९० ठेवली. दुकानदाराचा वाटा वजा करून ₹५८ हातात येतात.

१२ सप्टेंबर

गणपतीत ४१२ प्रती गेल्या. कायद्याने द्यायच्या चार प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह चार ग्रंथालयांना पाठवल्या. मुदत प्रकाशनापासून ३० दिवस.

दुसऱ्या आवृत्तीसाठी: निवेदनाचं अक्षर अर्ध्या पॉइंटने मोठं. पान १६ वरचा निळा अजून थोडा हलका. पान २४ वर ‘बोंबल्या काढा’ या सरावाचा कागद पेन्सिलीला फार गुळगुळीत नाही, ते ठेवायचं. आणि पान १९. एका दुसरीतल्या मुलीने दाखवलं: तिसऱ्या चौकटीत खाच अजूनही उजव्या कानाला आहे.